आयकराचा रिफंड खात्यात आला. आता तो कुठं लावायचा?

रिफंड येण्याची वेळच मुळात वाईट आहे. जुलैअखेरीस रिटर्न भरलं की पैसे साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान खात्यात पडतात, म्हणजे गणपती, दसरा, दिवाळीच्या ऐन तोंडावर. सोलापुरात नवी पेठेत सेलचे फलक लागलेले असतात आणि खात्यात अचानक वीस-पंचवीस हजार जास्त दिसतात. उशीर झाला आणि पैसे जानेवारीत आले, तर समोर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा असते. 'वरचे पैसे आलेत, करू की काहीतरी' असं म्हणेपर्यंत आठवडा जातो आणि पैसेही जातात.

पण हे पैसे वरचे नसतात. वर्षभर तुमच्याच कमाईतून टीडीएस किंवा आगाऊ कर म्हणून गरजेपेक्षा जास्त कापलं किंवा भरलं गेलं, सरकारनं हिशोब केला आणि जास्तीचं परत दिलं. तुमचीच मजुरी, फक्त उशिरा हातात आलेली. ती वेळेवर, महिन्याच्या महिन्याला आली असती तर कुठं गेली असती, हे आधी घरात विचारा. बहुतेक घरांत याचं उत्तर टीव्ही किंवा मोबाइल असं येत नाही.

आधी कागद वाचा

खर्चाचा विचार करण्याआधी आयकर खात्याकडून ईमेलवर आलेली सूचना उघडा. बेंगळुरूच्या केंद्रात रिटर्नवर प्रक्रिया झाली की ही पीडीएफ येते. तिचा पासवर्ड म्हणजे तुमचा पॅन लहान लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख. आत दोन रकाने असतात: तुम्ही रिटर्नमध्ये सांगितलेले आकडे आणि खात्यानं धरलेले आकडे. दोन्हीकडे एकच रक्कम असेल तर प्रश्न मिटला. फरक असेल तर तो कुठल्या ओळीत आहे ते शोधा. कधी व्याजाचं उत्पन्न दाखवायचं राहिलेलं असतं, कधी एखादी वजावट नाकारलेली असते.

या कागदात आणखी दोन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे व्याज. रिटर्न मुदतीत भरलेलं असेल तर जास्त कापल्या गेलेल्या टीडीएसवर १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं. रिफंड एकूण कराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर मात्र व्याज नाही. मूळ रिफंडावर कर लागत नाही, पण या व्याजावर लागतो. पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये ते 'इतर उत्पन्ना'त दाखवावं लागतं, आणि बरेच जण नेमकं हेच विसरतात. दुसरी गोष्ट जुनी थकबाकी. मागच्या एखाद्या वर्षाची मागणी तुमच्या नावावर उभी असेल तर आयकर खातं ती रिफंडातून वळती करून घेतं. त्याआधी नोटीस येते आणि उत्तर द्यायला २१ दिवस मिळतात. मागणी चुकीची वाटत असेल तर त्या मुदतीतच आयकराच्या पोर्टलवर असहमती नोंदवा.

पैसे आलेच नसतील तर बहुतेक वेळा कारण साधं असतं: बँक खातं पोर्टलवर आधी पडताळलेलं नाही, बँकेतलं नाव पॅनवरच्या नावाशी जुळत नाही, बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी कोड बदललाय किंवा पॅन आधारला जोडलेला नाही. खातं दुरुस्त करायचं आणि पोर्टलवरून रिफंड पुन्हा पाठवण्याची विनंती टाकायची. यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही.

याच काळात 'तुमचा १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झालाय, खाली क्लिक करा' अशा थाटाचे मेसेजही फिरत असतात. आयकर खातं ओटीपी, पिन किंवा कार्डाचा नंबर मागत नाही. रिफंडाची स्थिती पोर्टलवर स्वतः लॉगिन करूनच बघा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

हा रिफंड खरा आहे का?

हा प्रश्न अवघड आहे, पण टाळता येत नाही. 'तुमचा सगळा टीडीएस परत काढून देतो, त्यातले दहा टक्के माझे' असं सांगणारे लोक गावोगावी आहेत. ते काय करतात, तर न दिलेली राजकीय देणगी, न भरलेलं घरभाडं, नसलेला विमा रिटर्नमध्ये दाखवतात. पैसे येतात, कारण सुरुवातीला फक्त आकड्यांची जुळणी होते. पडताळणी पुढे होते. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्यानं अशा खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांवर देशभर एकदम कारवाई केली, तेव्हा फक्त एजंटच नाही, ज्यांच्या नावावर रिटर्न होतं तेही अडकले.

तुमचं रिटर्न दुसऱ्यानं भरलं असेल तर त्याची प्रत मागा आणि वजावटीची प्रत्येक ओळ वाचा. पावती नसलेली एक जरी ओळ सापडली तर रिफंडाला हात लावू नका. मुदत असेल तर सुधारित रिटर्न भरा. ती गेली असेल तर अद्ययावत रिटर्न भरून, वरचा दंडात्मक कर देऊन पैसे परत करा. जितका उशीर तितका हा जादा कर चढत जातो. आणि टक्केवारीवर फी मागणाऱ्याकडे पुढच्या वर्षी जाऊ नका. प्रामाणिक सल्लागार कामाची फी घेतो, रिफंडातला वाटा मागत नाही.

पैसे बाजूला काढा, मग बसून बोला

पगाराच्या किंवा धंद्याच्या खात्यात रिफंड पडून राहिला की तो यूपीआयवरून चहापासून पेट्रोलपर्यंत कशातही विरघळतो. आला त्याच दिवशी तो दुसऱ्या बचत खात्यात टाका किंवा महिना-दीड महिन्याची मुदत ठेव करा. व्याज किरकोळ मिळेल, पण व्याजासाठी हे करायचं नाहीच. तेवढ्या काळात घरातल्या सगळ्यांनी एकदा एकत्र बसायचं.

वहीचं एक पान पुरतं. त्यावर तीन याद्या करा: कुणाचं काय देणं आहे, येत्या सहा महिन्यांत कुठला खर्च नक्की येणार आहे आणि कुणाला काय हवंय. तिसरी यादी मुलांकडूनही घ्या. पहिल्या यादीत प्रत्येक देण्यासमोर व्याजाचा दर लिहायचाच. दर लिहिला नाही तर त्या यादीचा उपयोग नाही.

पहिली यादी: देणी

इथं घाई करू नका, कारण बहुतेक घरांत रिफंडाचा सगळ्यात मोठा फायदा याच यादीत होतो.

क्रेडिट कार्डावर 'किमान रक्कम' भरून उरलेली बाकी पुढे ढकलत असाल तर दुसरं काही बघायचं कारणच नाही, आधी ती फेडा. दरमहा साडेतीन टक्के व्याज धरलं तर २५,००० च्या बाकीवर महिन्याला ८७५ रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हजाराच्या वर जातात. वर्षाचे बारा हजार. ठेवीत एवढं व्याज देणारी बँक आपल्याकडे नाही. त्यानंतर खाजगी सावकाराकडचं आणि मोबाइल ॲपवरून घेतलेलं कर्ज, मग बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं, मग वैयक्तिक कर्ज, मग सोनेतारण. सोनेतारणाचा दर त्यामानानं कमी असतो, पण मुदत संपत आली असेल तर ते वर घ्या. दागिना लिलावात गेला की घरात वर्षभर शांतता राहत नाही.

गृहकर्ज असेल तर एक हिशोब बघा. वीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता १७,३५६ रुपये. पहिलं वर्ष संपल्यावर रिफंडाचे २५,००० एकरकमी मुद्दलात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सातेक हप्ते भरावेच लागत नाहीत. म्हणजे २५,००० भरून सुमारे सव्वा लाखाचे हप्ते वाचले. हेच २५,००० अठराव्या वर्षी भरले तर फायदा नावापुरताच. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेत अर्ज देताना 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा' असं लिहून द्या, नाहीतर काही ठिकाणी हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवतात.

बिनव्याजी हातउसने यादीच्या तळाशी जातात असं वाटेल, पण ते दरवेळी खरं नसतं. एक उदाहरण सविस्तर बघू.

आठ मागांचं एक घर

समजा अशोक चौकाच्या पलीकडे एका घरात आठ यंत्रमाग आहेत. सूत व्यापाऱ्याचं, माग यांचे, टॉवेल विणून द्यायचे आणि मजुरी घ्यायची. वर्षाचं जॉब वर्क २४ लाखांचं. व्यापारी प्रत्येक बिलातून एक टक्का टीडीएस कापतो, म्हणजे वर्षाला २४,०००. (पॅन दिला नसता तर वीस टक्के कापले गेले असते, तेव्हा त्यात हयगय नको.) वीज, कामगारांचा आठवडा, दुरुस्ती वजा जाता नफा साडेचार लाखांच्या घरात. नव्या करपद्धतीत त्यावर सूट मिळून कर शून्य. म्हणून २४,००० सगळेच परत आले, आणि सप्टेंबरमध्ये आले म्हणून एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांचं तीन टक्के व्याज, ७२० रुपये. एकूण २४,७२०.

वहीच्या पानावर देणी दोन: क्रेडिट कार्डाची बाकी ९,४०० आणि मागाचे सुटे भाग देणाऱ्या दुकानाची उधारी ५,०००. उधारीला व्याज नाही. पण हंगामात ऐनवेळी भाग लागला आणि दुकानदारानं 'आधीचं बघा' म्हटलं तर माग बंद. म्हणून ९,४०० कार्डाला आणि ५,००० दुकानदाराला, दोन्ही त्याच आठवड्यात. राहिले १०,३२०.

त्यातले ७,००० वेगळ्या मुदत ठेवीत. सुताचे भाव वाढले की व्यापारी नवा माल विणायला देत नाही, आणि दोन-तीन आठवडे माग थंड राहतात हे या घराला ठाऊक आहे. त्या काळात कामगारांना आगाऊ द्यावं लागतं, नाहीतर ते दुसरीकडे जातात. हजार रुपये मुलीच्या सुकन्या खात्यात. राहिलेले २,३२० दिवाळीला: मुलांचे कपडे, फटाके, जे काय ठरेल ते, कुणी कुणाला हिशोब विचारायचा नाही. ७२० रुपये व्याजाची चिठ्ठी पुढच्या रिटर्नच्या फाइलमध्ये.

तुमच्या घरी आकडे वेगळे असतील, क्रमही वेगळा असू शकतो. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी ठेवावी: ज्या देण्यामुळे कमाई थांबू शकते ते देणं आधी.

दुसरी यादी: नक्की येणारा खर्च

देणी नसतील, किंवा फेडून काही उरलं, तर तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी गंगाजळी आहे का बघा. पगारदाराला तीन महिने पुरतात. मजुरीवर, कमिशनवर किंवा धंद्यावर चालणाऱ्या घरानं सहा धरावेत. एका रिफंडात ती होत नाही, पण सुरुवात होते. ही रक्कम बँकेत ठेवा, शेअरमध्ये नको.

मग वर्षातून एकदाच येणारे खर्च: विम्याचे हप्ते, घरपट्टी, जूनमधली शाळेची फी, पुस्तकं. आपल्याकडे रोज पाणी येत नाही आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे पाण्याची टाकी किंवा कूलर ही चैन धरू नका. तो खर्च करायचाच असेल तर थंडीत करा, एप्रिलमध्ये दुकानदार ऐकून घेत नाही.

आरोग्य विमा नसेल तर रिफंडासाठी यापेक्षा चांगली जागा क्वचितच मिळेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी काढून टाकलाय. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आधार आहेच, पण तो ठराविक रुग्णालयं आणि ठराविक उपचारांपुरता. निदान पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये आणि जीवन ज्योतीचे ४३६ रुपये खात्यातून कापले जातात का, हे पासबुकात बघा. दोन्हीत दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे आणि खात्यात शिल्लक नसली की ते गुपचूप बंद पडतं.

गुंतवायचे असतील तर

मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी. २०२५ मध्ये दर ८.२ टक्के होता, सरकारी योजनांत सर्वांत वरच्यांपैकी. पीपीएफवर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के. पीपीएफमध्ये पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, कारण व्याज ५ तारीख ते महिनाअखेर यातल्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात. सहा तारखेला भरलेल्या पैशांचं त्या महिन्याचं व्याज बुडतं. 'कर वाचतो' म्हणून यात टाकत असाल तर मात्र थांबा. ८०सीची वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते. नव्या पद्धतीत असाल तर ही गुंतवणूक फक्त व्याजासाठी आणि शिस्तीसाठी.

आता पतसंस्थांबद्दल, कारण सोलापुरात हा प्रश्न हमखास निघतो. दोन टक्के जास्त व्याज, ओळखीचा एजंट, घरी येऊन पावती. ठेव ठेवण्याआधी एवढंच लक्षात घ्या की बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेतल्या ठेवीलाही आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. २०२२ मध्ये आपल्याच शहरातल्या एका सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं रद्द केला, तेव्हा हा पाच लाखांचा विमाच ठेवीदारांच्या कामी आला. पतसंस्थेत ठेवायचंच असेल तर बुडाले तरी चूल चालेल एवढेच ठेवा. रिफंडासारखी रक्कम तिथं ठेवू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

सोन्याचं काय? दसऱ्याला ग्रॅमभर सोनं घेणं ही आपल्याकडची रीत आहे आणि त्यात गैर काही नाही. फक्त दागिन्याला गुंतवणूक म्हणू नका. १२ टक्के घडणावळ आणि वर ३ टक्के जीएसटी धरला तर २०,००० च्या बिलात सोनं जेमतेम सव्वासतरा हजारांचं असतं. लग्न दोन-तीन वर्षांवर आलंय म्हणून साठवायचं असेल तर हॉलमार्कचं नाणं घ्या.

तिसरी यादी: हवं ते

इथं फार उपदेश करण्यात अर्थ नाही. दहावा हिस्सा, फार तर आठवा, मनासारखा खर्च करायला ठेवा. आधी रक्कम ठरवा, मग वस्तू. उलटं केलं, म्हणजे आधी फ्रिज बघितला, की रिफंड 'डाउन पेमेंट' होतो आणि उरलेले बारा हप्ते पगारातून जातात. रिफंड आला म्हणून नवा हप्ता चालू झाला, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता नवल वाटत नाही.

भिशीत टाकायचा मोह होत असेल तर भिशी कोण चालवतं, बोली कशी लागते, पैसे बुडवले तर कुणाच्या दारात जायचं, एवढं आधी विचारा. घरातल्या माणसांची भिशी वेगळी, अनोळखी व्हॉट्सॲप ग्रुपची वेगळी.

पुढच्या वर्षी रिफंड कमी यावा म्हणून

'येऊ दे की, आपोआप बचत होते' असं बरेच जण म्हणतात. ज्याच्या हातात पैसा टिकत नाही त्याच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. पण व्याज १ एप्रिलपासून सुरू होतं, त्याआधीचं अख्खं वर्ष पैसे बिनव्याजी अडकतात, आणि त्याच वर्षात तुम्ही कार्डावर साडेतीन टक्के भरत असता.

पगारदारांनी आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच कार्यालयात कुठली करपद्धती घेणार ते लेखी कळवावं आणि जुनी असेल तर पुरावे वेळेत द्यावेत. जॉब वर्कवाल्याला कमी दरानं टीडीएस कापण्याचा दाखला आयकर खात्याकडून मिळू शकतो. दरवर्षी पन्नास हजारांच्या वर रिफंड येत असेल तर सल्लागाराला सांगून तो काढावा. दहा-पंधरा हजारांसाठी एवढी खटपट करण्यात मला हशील वाटत नाही.

सर्वांत सोपं काम निवृत्त मंडळींचं आहे, आणि तेच सर्वांत जास्त राहून जातं. सोलापुरात रेल्वेचे पेन्शनर घरोघरी सापडतील. पेन्शन पाच लाख, ठेवींचं व्याज एक लाख चाळीस हजार. नव्या पद्धतीत कर शून्य. पण एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांसाठी एका बँकेतल्या व्याजाची मर्यादा एक लाख आहे, ती ओलांडली की बँक दहा टक्के कापते. चौदा हजार गेले, आणि ते परत मिळवायला पुढचा दसरा. साठ वर्षांपुढच्यांनी, कर शून्य येत असेल तर, स्वयंघोषणेचा फॉर्म (बँकेत '१५एच' म्हटलं की समजतो) एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात द्यावा. साठीच्या आतल्यांसाठीच्या '१५जी'ला आणखी एक अट आहे: वर्षाचं एकूण व्याजच मूळ करमुक्त मर्यादेत असायला हवं. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू असल्यानं कलमांचे क्रमांक बदलतात. काउंटरवर त्या वर्षाचाच फॉर्म मागून घ्या. ठेवी तीन बँकांत असतील तर तिन्हीकडे वेगवेगळा फॉर्म, आणि प्रत्येक ठिकाणी शिक्का मारलेली पोच घेऊनच बाहेर पडा.